हॅमस्टरला पिंजरा नक्की केवढा लागतो? टू बीएचकेत बसेल असा सांगा

कर्वेनगरची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात रोज वाद चाललाय म्हणून इथे विचारते.

लेकीच्या मैत्रिणीच्या बाबांची बंगळुरूला बदली झाली आणि त्यांचा हॅमस्टर आमच्याकडे आला. "सामान लागेपर्यंत दोन दिवस ठेवा" म्हणून आला, त्याला आता तीन आठवडे झाले. नाव बुंदी, रंगही तसाच. सिरियन जातीचा, आठ महिन्यांचा असं त्यांनी सांगितलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून वजन केलं तर १३२ ग्रॅम भरलं. ती वाटी सासूबाईंनी कायमची वेगळी काढली आहे. त्यांच्या लेखी तो उंदीर. परवा म्हणाल्या, "गणपतीचं वाहन आहे हे खरं, पण वाहन पार्किंगमध्ये लावतात, हॉलमध्ये नाही."

त्याच्याबरोबर आलेला पिंजरा गुलाबी-निळा, तीन मजली. आत पिवळी घसरगुंडी आणि एक चाक. दिसायला छानच आहे, लेक तर खूश. पण रात्री दीडच्या सुमाराला हा उठतो आणि जाळीची एकच सळई धरून चावत बसतो. सायकलच्या स्पोकवर कुणीतरी खिळा ओढत राहावा तसा आवाज येतो, आणि तो थांबतच नाही. आता नाकावरचे केसही थोडे गेलेत.

दुकानात गेले तर ते म्हणाले, "मॅडम, जागा कमी पडतेय, मोठा घ्या." त्यांचा मोठा म्हणजे ४७ बाय ३० सेंटिमीटर, दोन हजार दोनशे रुपये. नवरा म्हणतो एवढ्याशा जीवाला केवढी जागा लागणार, आहे तोच पुरे. मला पटत नाही, पण माझ्याकडे उत्तरही नाही.

आमच्याकडे जागा दोनच ठिकाणी आहे. एक बाल्कनी, किंवा मग हॉलमधल्या दिवाणाच्या मागचा कोपरा. पैसे एकदाच घालीन, पण परत परत नाही. केवढा घेऊ?

रात्रपाळी

माझा कॉलेजात असताना असल्याच पिंजऱ्यात दोन वर्षं जगला. खायचा, प्यायचा, चाकावर पळायचा. जाळी सगळेच चावतात हो, दात वाढतात ना त्यांचे. लाकडाचा एखादा तुकडा टाका, थांबेल. उगाच खर्चात पडू नका.

टूलरूमवाले_आजोबा

ताई, फ्लॅट घेताना बिल्डरने सुपर बिल्टअप सांगितला तेव्हा तुम्ही "कार्पेट किती?" असं विचारलं असेलच. इथेही तेच विचारायचं. तीन मजले, घसरगुंडी, गॅलरी हे सगळं ब्रोशरमधलं. पिंजऱ्याच्या तळाला टेप लावा आणि लांबी गुणिले रुंदी काढा. माळे आणि लॉफ्ट कार्पेटमध्ये धरत नाहीत.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, त्यामुळे टेप खिशातच असते. नातीच्या हॅमस्टरसाठी पहिला पिंजरा आणला तेव्हा मात्र ती खिशातच राहिली. तुमच्यासारखाच तीन मजली होता. दुकानदार म्हणाला, "काका, हा डिलक्स आहे." त्यातलं चाक तारेच्या सळयांचं होतं. पाचव्या दिवशी पहाटे मागचा पाय दोन सळयांच्या मध्ये अडकला. चाक हातात धरून ठेवायचं आणि पाय हळूच सोडवायचा, हे काम मी आणि सूनबाईंनी मिळून केलं. तो किंचाळत होता. एवढ्याशा जनावराला एवढा आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. पाय मोडला नव्हता, सुजला होता. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पिंजऱ्याचा फोटो मागितला. फोटो बघून एवढंच म्हणाले, "हा प्रवासाचा डबा आहे, घर नाही."

तेव्हापासून मी वाचायला लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो.

जर्मनीत प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची एक संघटना आहे. त्यांनी एका हॅमस्टरसाठी सांगितलेलं कमीत कमी माप १०० बाय ५० सेंटिमीटर, उंची ५०. म्हणजे तळ ५००० चौरस सेंटिमीटर. तुमचा गुलाबी महाल साधारण ३० बाय २३ चा असेल. मी आणलेला तेवढाच होता, ६९० भरला. दुकानदार दाखवतोय तो १४१०. दुप्पट झाला खरा, पण गरजेच्या पाव हिश्शाच्या जरासा वर. दोन हजार दोनशे त्यात घालू नका.

हा आकडा कुणी हवेत सोडलेला नाही. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात सिरियन हॅमस्टर चार मापांच्या पिंजऱ्यांत ठेवून पाहिले: १८००, २५००, ५००० आणि १०,००० चौरस सेंटिमीटर. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. लहान पिंजऱ्यातले जास्त वेळा आणि जास्त वेळ जाळी चावत होते. आणखी एक गंमत म्हणजे लहान पिंजऱ्यातले आपल्या झोपायच्या खोक्याच्या छपरावर जास्त वेळा चढून बसायचे. जागा कमी पडली की आपण गच्चीवर खुर्ची टाकतो, तसंच. आता बघा, दुकानदाराचा "मोठा" त्या प्रयोगातल्या सगळ्यात लहान पिंजऱ्यापेक्षाही लहान आहे.

रात्रपाळी साहेब, दात वाढतात हे बरोबर, लाकूडही द्यावंच. पण एकच सळई धरून तास तास चावणं हे दात घासणं नव्हे. आणि दोन वर्षं जगला म्हणता, तर हॅमस्टरचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. जगला हे ठीक. कसा जगला ते तो कुठे बोलणार?

आता पिंजऱ्यात अंथरतात तो भुसा किती खोल हवा त्याबद्दल, कारण दुकानात याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. हे जनावर मूळचं सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासच्या शेतांतलं. १९३० साली तिथे एक मादी आणि तिची पिल्लं बिळातून खणून काढली, आज घराघरांत असलेले सिरियन बहुतेक सगळे त्याच कुटुंबातले. तिकडच्या शेतांत त्यांची बिळं मोजली, तर सरासरी ६५ सेंटिमीटर खोल निघाली, एखादं एक मीटरच्याही खाली. म्हणजे हा चढणारा प्राणी नाही, खणणारा आहे. नजर कच्ची असते, उंचीचा अंदाज येत नाही, तिसऱ्या मजल्यावरून सरळ खाली पडतो. त्याला वर मजले काय कामाचे? त्याला तळघर हवं. बर्नमध्येच एक वर्ष आधी भुशाची खोली बदलून पाहिली होती: १०, ४० आणि ८० सेंटिमीटर. जाळी सगळ्यात जास्त चावली ती १० वाल्यांनी. तुमच्या ट्रेमध्ये किती मावतो? तीन? चार?

तेव्हा तळ कमीत कमी १०० बाय ५० आणि भुसा किमान २५ सेंटिमीटर. यातलं एक असून चालत नाही, दोन्ही हवं. बाजारातल्या जाळीच्या पिंजऱ्यात हे जमत नाही, कारण ट्रे उथळ असतो आणि भुसा जाळीतून रोज हॉलभर. काचेची टाकी किंवा घरी बनवलेली पेटी, हे दोनच मार्ग. चारफुटी माशांची टाकी ४८ बाय १८ इंच असते, तिचा तळ ५६०० च्या आसपास. रुंदी चार सेंटिमीटरनी कमी पडते, पण लांबी ती भरून काढते, म्हणून मी ती चालवून घेतो. तीनफुटीत ४२०० च्या खालीच राहतं, तिथे थांबू नका.

मी पेटी केली. नाना पेठेतून ८ बाय ४ ची प्लायची एक शीट आणली आणि तिथेच ४ बाय २ चे चार तुकडे कापून घेतले. एक तळ, एक पाठ, तिसरा मधून कापून दोन बाजू, चौथ्याच्या पट्ट्या काढून झाकणाची चौकट. वाया काही गेलं नाही, याचं समाधान पेटीपेक्षा जास्त. समोरून अ‍ॅक्रिलिक, झाकणाला बारीक जाळी, बिजागऱ्या आणि स्क्रू बोहरी आळीतून. तळाला सनमायका चिकटवला, नाहीतर लघवी प्लायमध्ये मुरते आणि मग काही केल्या वास जात नाही. जिथे जिथे प्लायची उघडी कड होती तिथे अ‍ॅल्युमिनियमची एल पट्टी मारली. कड दिसली की दात लागलाच समजा. आतली जागा ७००० च्या वर झाली.

चूक एक झाली, ती सांगतो म्हणजे तुमची व्हायची नाही. मी हौसेने मातीची जड कुंडी भुशावर आडवी ठेवली, घर म्हणून. त्याने रात्रीत तिच्याखाली बोगदा काढला आणि सकाळी कुंडी चार बोटं खाली बसलेली. तो दुसऱ्या बाजूला होता म्हणून वाचला. जड वस्तू थेट तळावर टेकवायची किंवा लाकडी पाय लावून त्यावर ठेवायची. भुशावर कधीच नाही.

पशुवैद्यकीय_तिसरं_वर्ष

काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी फक्त दोन-तीन गोष्टी घालते.

ताई, बाल्कनीचा विचार सोडून द्या. आत्ता मार्च संपतोय. हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश बरे वाटतात, ३० च्या वर गेलं की उष्माघाताची भीती. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ सहज होतं. त्यात काचेच्या टाकीवर ऊन आलं तर ती भट्टीच. शिवाय मांजरं, कबुतरं. दिवाणामागचा कोपराच घ्या, फक्त तिथे खिडकीतून तिरपं ऊन येतं का ते दुपारी चारला एकदा बघा.

गारव्यासाठी सोपा उपाय: शहाबादी फरशीचा किंवा ग्रॅनाइटचा एक तुकडा तळाला टेकवलेल्या विटेवर ठेवा. फरशीवाल्यांकडे तुकडे पडलेलेच असतात. उन्हाळ्यात तो त्यावर पोट टेकून पसरतो. गुरुवारी लाइट गेली की पंखा बंद, तेव्हा गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवा. ओला कपडा अंगावर टाकणं वगैरे करू नका.

चाकाचं सांगायचं राहिलं. सिरियनला साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचं लागतं, पळायची बाजू सलग, सळया नकोत. तुमच्या पिंजऱ्यात आहे त्यात पळताना त्याची पाठ कमानीसारखी वाकते का बघा. वाकत असेल तर ते लहान आहे. पाठ सरळ राहिली पाहिजे.

नाकावरचे केस बहुधा जाळीला घासूनच गेले असतील. पण कातडी लाल दिसली, खपली धरली किंवा इतर ठिकाणीही केस जायला लागले तर डॉक्टरांना दाखवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत, आधी फोन करून विचारा.

कर्वेनगरची_आई

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार. आजोबा, तुमचं कार्पेट एरियाचं नवऱ्याला वाचून दाखवलं. आमच्या फ्लॅटच्या वेळी साहेब तिथेच फसले होते, त्यामुळे लगेच पटलं. टेप लावली, तळ खरोखर ३० बाय २३. तुम्हाला न बघता कसं कळलं? चाक साडेचौदाचं निघालं आणि पाठ वाकते, लेकीने व्हिडिओ काढला.

आता शंका. भुसा कुठला? आमच्या इमारतीत फर्निचरचं काम चालू आहे, सुतार पोतंभर फुकट देतो म्हणतोय. आणि २५ सेंटिमीटर भुसा म्हणजे वास किती येईल! सासूबाईंना मी काय सांगू? तिसरं म्हणजे लेक म्हणते एवढी जागा झाल्यावर बुंदीला जोडीदार आणू.

टूलरूमवाले_आजोबा

माप कळायला काय, एकाच साच्यातले आहेत हो सगळे.

सुताराचा भुसा नको. तो प्लायचा आणि सनमायकाचा, त्यात डिंक आणि बारीक धूळ. नाकात जाते. देवदार किंवा ताज्या पाइनच्या वासाचाही नको, त्या वासानेच श्वासाला त्रास होतो. कागदाचा भुसा मिळतो तो घ्या, किंवा अ‍ॅस्पेन नावाच्या लाकडाचा. मी त्यात मूठमूठ सुकं गवत मिसळतो, सशांसाठी विकतात ते. नुसत्या भुशात बोगदा ढासळतो, गवताने धरून राहतो. आपण मातीच्या गिलाव्यात पेंढा घालायचो, त्यातलाच प्रकार. थर टाकताना तळहाताने दाबत जा. आणि अंथरूण म्हणून तो मऊ कापूस विकतात, तो फुकट दिला तरी घेऊ नका. पायाला धागे गुंडाळतात आणि पोटात गेला तर आतडं तुंबतं.

वासाचं उलटं आहे. भुसा कमी तेवढा वास जास्त. हा प्राणी एकच कोपरा लघवीला धरतो. तिथे उथळ भांड्यात बारीक वाळू ठेवा, बऱ्याचदा तीच मोरी ठरते. दोन दिवसांनी तेवढीच चाळायची. सगळा भुसा एकदम कधी बदलू नका. स्वतःचा वास गेला की तो बिथरतो आणि दुप्पट खुणा करतो. सासूबाईंना सांगा, कामवाल्या मावशींना त्याला हात लावावा लागणार नाही. आमच्या घरी याच मुद्द्यावर मंजुरी मिळाली.

जोडीदार अजिबात नको. सिरियन एकट्याचाच. दोघं ठेवले तर मारामारी, रक्त निघेपर्यंत आणि कधी जीव जाईपर्यंत. नर-मादी असले तर सोळा दिवसांत पिल्लं, मग मला दहा पेट्या बनवायला सांगाल.

पाल_पाळणारा

मध्ये बोलतो, माफ करा. नवी टाकी घेऊ नका! गळकी टाकी शोधा. माशांवाल्यांच्या ग्रुपवर "चारफुटी, कोपऱ्यातून गळते, घेऊन जा" अशा टाक्या कायम असतात. माशांना निरुपयोगी, तुम्हाला पाणी थोडंच भरायचंय? मी माझ्या पालींसाठी दोन अशाच आणल्या. फक्त काचेला तडा नाही ना ते बोट फिरवून बघा, गळती सिलिकॉनमधून असेल तरच घ्या. आणि उचलायला दोन माणसं न्या. सहा मिलिमीटर काचेची चारफुटी टाकी रिकामीच तीसेक किलो भरते, जिन्यात एकट्याने नाही जमत.

कर्वेनगरची_आई

बारा दिवसांनी लिहितेय, पण सांगायचंच होतं.

धायरीत मिळाली. चारफुटी, गळकी, आठशे रुपये. तिथले गृहस्थ म्हणाले, "आधीच सांगतो, पाणी राहत नाही." नवरा म्हणाला, "आम्हाला नकोच आहे," तर ते आमच्याकडे संशयाने बघायला लागले. टेम्पोवाल्याने साडेचारशे घेतले. तिसऱ्या मजल्यावर चढवताना शेजारचे दादा मदतीला आले, आणि अर्ध्या जिन्यात विचारलं की मासे कुठले ठेवणार. उत्तर ऐकून टाकी तिथेच खाली ठेवली. मग हसून परत उचलली.

भुसा सहा पिशव्या लागला, त्याचा खर्च टाकीपेक्षा जास्त झाला. हे आधी कुणी सांगितलं नाहीत, बघा. एका बाजूला २८ सेंटिमीटर, दुसरीकडे १५, म्हणजे उतार. चाक प्लायच्या फळीवर आणि फळीला चार पाय. सासऱ्यांच्या जुन्या पाटाचे पाय निघाले, तेच लावले. शहाबादी फरशीचा तुकडा मोरीच्या कामातून उरलेला होता.

पहिल्या रात्री तो नुसता काचेच्या कडेकडेने फिरत राहिला. दुसऱ्या रात्री खाली गेला आणि दिवसभर दिसलाच नाही. लेक रडकुंडीला आली. मग टॉर्च लावून बघितलं तर काचेला लागूनच बोगदा, आणि त्याच्या टोकाला बुंदी साहेब गोळा होऊन झोपलेले. शेजारी दुसरी छोटी खोली, त्यात सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे आणि तीन दिवसांपूर्वी दिलेला गाजराचा तुकडा. गाजर मी चमच्याने काढलं. बाकीचं राहू दिलं.

जाळी चावणं बंद, कारण चावायला जाळीच नाही. पण काच खरवडणंही पाच-सहा दिवसांत कमी झालं. आता रात्री फक्त चाकाची घरघर, ती पंख्यात मिसळून जाते. सासूबाई अजून उंदीरच म्हणतात. पण काल दुपारी पोथी वाचून झाल्यावर चष्म्यासकट टाकीपाशी वाकल्या होत्या आणि "कोठीची खोली काय नीट लावलीय मेल्याने" असं पुटपुटत होत्या. हे त्यांना सांगू नका.

गुलाबी पिंजरा माळ्यावर टाकला. डॉक्टरांकडे न्यायचा झाला तर त्यातून नेणार.

टूलरूमवाले_आजोबा

उत्तम. पाटाचे पाय ही कल्पना मी उचलतो. भुशाच्या खर्चाचं सांगायला विसरलो, चूक कबूल. झाकणाचं काय केलंत? लिहिलं नाहीत.

कर्वेनगरची_आई

खिडकीच्या मच्छरदाणीची जुनी चौकट होती, ती बरोबर बसली. वरून ठेवलीय.

टूलरूमवाले_आजोबा

नायलॉनची की लोखंडी? आणि क्लिपा?

कर्वेनगरची_आई

नायलॉनची. क्लिपा नाहीत. एवढ्या वर कुठे येतोय तो?

टूलरूमवाले_आजोबा

चाक काचेपासून किती लांब आहे? चाकाच्या माथ्यावर उभा राहिला तर पुढचे हात झाकणाला पोचतात का, ते आत्ता टेप लावून बघा. पोचत असतील तर नायलॉन अर्ध्या तासात कातरतो. बोहरी आळीत लोखंडी जाळी मिळेल, कडेला पट्टी मारून घ्या, आणि चार कोपऱ्यांना चार क्लिपा.

कर्वेनगरची_आई

पोचतात. पोचून वर दोन बोटं उरतात.

नवरा गाडी काढतोय. दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात?